संत्र्यांच्या आड

माह्या आत्याची मुकादमी माह्या मशीननं खाल्ली. आधी हेच सांगून टाकते, कारण एकदा मी मशीनबद्दल बोलायला लागली की मले थांबता येत नाही, आणि मंग मेन गोष्ट मधातच राहून जाते.

आत्या म्हणजे माह्या बाबांची लहान बहीण, काटोलले लेक-जावयासंग राहते. तिथं संत्र्याचा एक मोठा टिनाचा हॉल आहे. बागेतून माल येते, बाया तो छाटतात, लहान-मोठा वेगळा करतात, डागी बाजूले काढतात, क्रेट भरतात आणि ट्रक लागला की चढवून देतात. आत्या त्या बायांची मुकादमीण होती. कोण कोणत्या टेबलावर, कोणाचं लेकरू आजारी म्हणून कोणाले लवकर सोडायचं, कोणाचं कोणाशी पटत नाही म्हणून त्या दोघींले शेजारी उभं करायचं नाही, हे सगळं तिच्याकडे. ती हॉलच्या मागच्या भिंतीजवळ मधोमध उभी राहायची. आवाज असा की समोरच्या गेटवरचा ट्रकवाला वळून पाहे.

मी नागपूरले एका लहानशा कंपनीत आहे. इतकी लहान की चहा प्यायला निघालो तर सगळे एकाच टपरीच्या बाकड्यावर मावतो. आम्ही छताखाली माणूस नेमका कुठं आहे हे शोधणारी सिस्टीम बनवतो. फोनवरचा नकाशा टिनाखाली गेला की येड्यासारखा करते ना, तिथून आमचं काम सुरू होते. हॉलच्या चार कोपऱ्यांत चार डब्बे लावायचे आणि माणसाच्या गळ्यात काडीपेटीएवढा टॅग. टॅग रेडिओचा सिग्नल सोडते, तो डब्ब्यापर्यंत पोहोचायला किती वेळ लागला त्यावरून अंतर निघते, चारही अंतरं जुळवली की जागा मिळते. पहिल्यांदा स्क्रीनवर माहा स्वतःचा टिपका चालताना पाहिला तेव्हा मी आईले व्हिडिओ कॉल लावला होता. आई म्हणे, "तू चालून राहिली हे त मले बिना टिपक्याचं बी दिसून राहिलं."

पण मधात काही आलं की सगळं बिघडते. लोखंडी कपाट, सिमेंटचा खांब, माणसाचं अंग, काहीही. सरळ रस्ता बंद झाला की सिग्नल टिनावर, भिंतीवर आदळून वळसा घालून येते, म्हणजे उशिरा येते. आणि मशीन म्हणते, उशिरा आला म्हणजे माणूस दूर आहे. म्हणून कोणता सिग्नल सरळ आला आणि कोणता आडून आला हे ओळखायचं, एवढंच माहं काम. याले इंग्रजीत भलंमोठं नाव आहे. आम्ही ऑफिसात नुसतं 'आड' म्हणतो. "हे रीडिंग आड आहे, काढ याले," असं. सरळ आलेल्याच्या ग्राफमध्ये सुरुवातीलेच एक उंच टोक असते. आडून आलेल्याची सुरुवात बारीक असते आणि मागून मोठा पसरट डोंगर येते. बारीक सुरुवात, मोठा डोंगर, की समजायचं आड. मी याच्या मागं कित्येक महिने होती. मले हे ग्राफ झोपेतही दिसायचे, आणि मले ते आवडायचे, खोटं काहून बोलू.

कंपनीले पहिली जागा पाहिजे होती. मोठे कारखाने म्हणत, आधी कुठं लावलं ते दाखवा. मी आत्याले फोन केला. आत्यानं शेठले विचारलं. हॉलचे मालक, सगळे त्यांले शेठच म्हणतात. तिनं काय सांगतलं असन मले माहीत आहे, कारण ती सगळ्यांलेच सांगते: माही भाची इंजिनिअर हाये, हवेतून माणूस शोधते. शेठ हो म्हणाले. हॉलमध्ये माल कुठं अडकते, कोणत्या टेबलावर गर्दी होते, ते त्यांले पाहायचं होतं. आणि कोण जागेवर आहे, कोण नाही, हेही. ते मी ऐकलं होतं. ऐकून घेतलं आणि मान हलवली.

आम्ही डब्बे लावले तेव्हा सीझन नव्हता. हॉल रिकामा, धुतलेला. आत्यानं चार-पाच बायांले बोलावून घेतलं टॅग घालून पाहायला.

"हे त बकरीच्या गळ्यातली घंटी झाली वं," एक म्हणे.

"घंटी वाजते त. हे चुपचाप सांगते," दुसरी म्हणे. "तू कुठं चरून राहिली ते."

आत्यानं सगळ्यात आधी टॅग घातला. मी लॅपटॉप घेऊन तिच्या मागं मागं. ती जिथं जाय तिथं टिपका जाय, एकदम सावलीसारखा. मले इतकं भारी वाटलं की मी तिले हॉलभर पळवलं. मंग मी टेस्ट म्हणून क्रेट रचले. सीझनमध्ये इथं क्रेटच्या थप्प्या लागतात, छताजवळ जातात, हे मले लहानपणापासून माहीत. म्हणून मी बायांकडून क्रेटची उंच थप्पी रचून घेतली, आत्याले तिच्या मागं उभं केलं, आणि पाहिलं. टिपका हलला नाही. मी ऑफिसात फोन करून सांगतलं, थप्पीनं काहीच फरक पडत नाही, सिग्नल आरपार जाऊन राहिला.

क्रेट रिकामे होते.

प्लॅस्टिकच्या रिकाम्या क्रेटमधून रेडिओ असा जाते की क्रेट नाहीच. आणि पाणी रेडिओले खाऊन टाकते, हे मी परीक्षेत लिहिलेलं. संत्र्यात काय असते हे नागपूरच्या कोणत्याही पोरीले विचारा. मी आयुष्यभर संत्रे सोलले, हात चिकट करून घेतले, आणि भरलेली थप्पी म्हणजे पाण्याची भिंत होते हे माह्या डोक्यात आलं नाही. हे आठवलं की आताही कान गरम होतात.

अजून एक आहे. मले स्क्रीनवर तीन शब्द पाहिजे होते. हिरव्यात 'जागेवर', लाल 'बाहेर', आणि पिवळ्यात 'आड', म्हणजे मशीनले नक्की माहीत नाही. आमचे सर म्हणाले, "क्लायंटला तीन रंग समजावत बसू नको. आड रीडिंग गाळ आणि उरलेल्यांवरून जागा काढ." मी ठीक आहे सर म्हटलं आणि पिवळा काढून टाकला. त्याले काही वेळ लागला नाही.

सीझन सुरू झाल्यावर सरांनी मले काटोलले पाठवलं, फोटो काढायला. बुटीबोरीच्या एका कारखान्याले दाखवायचे होते, चालू हॉल, भरलेला माल, गळ्यात टॅग घातलेल्या बाया. मी बसनं गेली. हॉलमध्ये पाय ठेवला की नाकात संत्र्याचा तो वास बसते, डोळ्यातही जाते. दोन्ही बाजूले थप्प्या, मधात एक गल्ली, गल्लीच्या शेवटी भिंत. मी आत्याचा फोटो पहिला काढायचा म्हणून तिकडे पाहिलं, तर तिच्या जागेवर एक हिरव्या साडीतली बाई उभी राहून ओरडून राहिली होती. आत्या समोरच्या टेबलावर, माह्याकडे पाठ करून, संत्रे छाटून राहिली होती.

"आत्या, तू इथं काहून?"

"मंग कुठं राहू? काम त इथंच हाये."

तिच्या बाजूची म्हातारी म्हणे, "उतरली ना तुही आत्या. आमच्यात आली. खुर्ची गेली बिचारीची."

"खुर्ची होती कवा वं तिथं?" आत्या म्हणे. "उभीच त राहत होती."

सगळ्या हसल्या, तीही हसली. पण तिनं माह्याकडे पाहिलं नाही. मी तिले ओढत टाकीपाशी नेलं. तिनं हात धुतले, पदराले पुसले, परत धुतले.

"शेठनं मोबाईल दाखवला मले," ती म्हणाली. "दुपारभर बाहेर. मागं अंगणात, निंबाखाली. एक दिवस नाही, रोजच."

"तू बसत होती का निंबाखाली?"

"मले त आठवत नाही."

"मंग?"

"मंग काय. तुही मशीन खोटं कायले सांगन? बसली असन मी. वय झालं, पोरी. तुह्या आजीचं शेवटी शेवटी तसंच नव्हतं का, जेवून उठे अन् म्हणे मले कोणी जेवाले देलं नाही."

तिनं कमरेची कापडी पिशवी काढून दाखवली, ज्यात ती सुपारी ठेवते. त्यात संत्र्याच्या बिया होत्या. शेठनं पहिल्यांदा टोकलं तवाच तिनं ठरवलं होतं, बाहेर गेली की एक बी टाकायची, म्हणजे समजन. संध्याकाळी पाहिलं की एखाद-दुसरीच निघे. मशीन तर दुपारभर बाहेर म्हणे.

"म्हणजे बाहेर जातो हेही विसरतो अन् बी टाकाचंही विसरतो," ती म्हणाली.

मी तिथं उभ्या उभ्या फोनमध्ये हॉलची स्क्रीन उघडली. ती हिरव्या साडीतली नवी मुकादमीण गल्लीच्या टोकाले उभी होती, मले टाकीपासून तिचा आवाज ऐकू येत होता, कोणाले तरी रागावून राहिली होती. स्क्रीनवर तिचा टिपका भिंतीच्या पार, अंगणात. लाल. 'बाहेर'. तो शब्द मीच टाईप केला होता.

मी आत्याचा टॅग मागून घेतला, पळत त्या जागेवर गेली आणि उभी राहिली. थोड्या वेळानं स्क्रीनवर मीही निंबाखाली गेली.

काय झालं होतं ते मले लगेच समजलं, म्हणूनच जास्त वाईट वाटलं. मागच्या कोपऱ्यांतले दोन डब्बे भरलेल्या थप्प्यांमागं पार मुके झाले होते. समोरच्या दोघांकडे सरळ जाणारा सिग्नल संत्र्यांत असा मरून जाय की त्याचा बारीक उंचवटाही उरत नसे. मंग छताच्या टिनावरून उडून आलेलाच पहिला वाटे, आणि तो एकदम करकरीत, उंच टोकाचा. माहा नियम म्हणे, सुरुवात उंच आहे, म्हणजे सरळ. आडाले ओळखायचा नियम मी बनवला आणि जो सगळ्यात जास्त आड होता त्यालेच त्यानं खरा मानला. समोरच्यांचं अंतर लांब झालं, टिपका मागं ढकलला गेला, भिंतीच्या बाहेर.

मी तशीच शेठच्या केबिनमध्ये गेली. आत्या मागून आली, "अवं थांब, थांब" करत.

"शेठ, मशीन चुकली. आत्या जागेवरच राहत होती."

शेठनी चष्मा वर केला. "देख बेटा, बाकी सगळ्या बायांचं बरोबर दाखवते ना?"

"समोरच्यांचं बरोबर दाखवते. मागं थप्प्या आहे, संत्र्यात पाणी असते, तर सिग्नल..."

"तू लावली तवा बी थप्पी लावून पाहिली होती. मले सांगतलं होतं तू, काही फरक पडत नाही म्हणून."

"ते क्रेट रिकामे होते. ती माही चूक आहे, शेठ."

मले वाटलं, झालं, बोलून टाकलं. तेवढ्यात आत्या मधात पडली.

"नाही शेठ, तिचं ऐकू नका. पोरगी माह्यासाठी बोलून राहिली. मशीन चांगली हाये तिची. मीच बसली होती."

"आत्या, तू बसली नव्हती."

"तू चूप राह्य. तुले काय माहीत, तू होती का इथं?"

शेठ हसले. वाईट हसले नाही, समजून घेतल्यासारखे हसले, आणि म्हणाले, "आत्यासाठी एवढं कोण बोलते आजकाल. जा, चहा घ्या दोघी." आणि परत चष्मा खाली. त्यांच्यासाठी विषय संपला होता.

अंगणात मी आत्यावर भडकली. माहा काय हक्क होता, पण भडकली.

"तू काहून खोटं बोलली?"

"तुही नोकरी जाईन ना. तुहा बाप गावभर सांगत फिरून राहिला, पोरीनं मशीन बनवली. माही मुकादमी गेली त गेली. छाटणीत हात चालते माहे अजून."

"आणि तुले जे वाटून राहिलं, डोकं चालत नाही म्हणून?"

ती निंबाच्या खोडाले हात लावून उभी राहिली. इथं आपण बसतो का, हे आठवून पाहत असन.

मी सरांले फोन केला. सगळं सांगतलं. सर शांतपणे ऐकून म्हणाले, "आज ऑफिसला येऊन अपडेट कर, उद्यापासून बरोबर दाखवेल. क्लायंटला मुद्दाम सांगत बसू नकोस." अपडेट काय करायचं ते मले तिथंच सुचलं होतं: डब्बे एकमेकांशी जुळत नसले, किंवा दोनच उरले, तर टिपका दाखवायचाच नाही, पिवळ्यात 'आड' लिहायचं. मी जाऊन ते केलं असतं तर सगळ्यांचं बरं झालं असतं. हिरव्या साडीवालीचं नाव लाल झालं नसतं, शेठ खूश, सर खूश, बुटीबोरी खूश. फक्त आत्या आयुष्यभर बिया टाकत राहिली असती. आणि खरं सांगते, मी थोडा वेळ हा विचार केला. फोन हातात धरून, काटोलहून परतीची बस कधी आहे हे बघत, केला.

मंग मले फोटो आठवले. मी परत केबिनमध्ये गेली.

"शेठ, तुमचा एक फोटो पाहिजे. मालक स्वतः टॅग घालून, मागं भरलेल्या मालाजवळ. मोबाईल हातात, स्क्रीन दिसली पाहिजे."

फोटोले शेठ नाही म्हणत नाहीत. केसावरून हात फिरवत आले. मी आत्याचा टॅग त्यांच्या गळ्यात घातला आणि गल्लीच्या टोकाले, तिच्या जागेवर त्यांले उभं केलं. कॅमेरा धरला.

"स्क्रीनकडे पाहा शेठ. आत्याचा टिपका शोधा."

त्यांनी शोधला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होती. ते थोडे उजवीकडे सरकले, परत डावीकडे आले, टॅग हातात धरून हलवला.

"हे तर बाहेर दाखवून राहिलं."

"हो. तुम्ही निंबाखाली आहे."

बाया छाटता छाटता सगळं ऐकत असतात. मंग बाजूच्या टेबलावरची म्हातारी म्हणाली, "शेठ, चहा तिकडेच पाठवू का?"

एवढं हसू फुटलं की हिरव्या साडीवालीही हसली. शेठ हसले नाहीत. भिंतीले हात लावून पाहिला, जसं काही भिंतच सरकली. मंग म्हणाले, "म्हणजे ती उभीच होती."

"उभीच होती. समोर संत्रे होते, म्हणून मशीनले दिसली नाही. मशीननं 'दिसत नाही' म्हणायला पाहिजे होतं. 'बाहेर' म्हटलं. ते मी लिहिलं."

शेठनी टॅग काढला आणि आत्याकडे पाहिलं. शेठच आहेत ते, माफी वगैरे मागणार नाहीत. "सांभाळ परत," एवढंच म्हणाले. "उद्यापासून काहून, आत्ताच सांभाळ. ट्रक लागून राहिला."

आत्या टेबलापासून हलली नाही. हातातला संत्रा डागी निघाला, तो तिनं बाजूच्या टोपलीत टाकला.

"हे गळ्यात नाही घालणार मी," ती म्हणाली.

"सगळ्याच घालतात."

"घालू द्या. मी नाही. पाहाचं असन त येऊन पाहा, मी कुठं उभी हावो ते."

बाहेर ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला. शेठ आत्याकडे पाहून, हॉर्नकडे पाहून म्हणाले, "नको घालू."

हिरव्या साडीवाली तेव्हा गल्लीतून समोर आली. तिनं काहीच केलं नव्हतं. तिले बोलावून जागा देली होती, आता तिले कोणी काही न बोलता ती जागा गेली. ती आत्याच्या रिकाम्या टेबलापाशी येऊन उभी राहिली, पदर खोचला आणि छाटायला लागली. मी कॅमेरा बॅगेत टाकला. एकही फोटो काढला नव्हता.

सरांले मी बसमधून मेसेज केला, शेठले सांगून टाकलं म्हणून. त्यांनी अंगठाही पाठवला नाही. नोकरी आहे अजून. पिवळा शब्दही आहे स्क्रीनवर, मागची भिंत दुपारी सगळी पिवळी असते, आणि शेठ म्हणतात या मशीनले अर्ध्या हॉलचं काहीच माहीत नाही. बरोबर आहे त्यांचं. बुटीबोरीवाल्यांनी अजून काही कळवलं नाही.

पण त्या दिवशी निघताना आत्या गेटपर्यंत आली होती. ट्रक भरून निघाला होता, तिचा आवाज बसला होता ओरडून. मले वाटलं ती म्हणन, जाऊ दे, झालं ते झालं. ती तसंच म्हणते नेहमी.

"म्हणजे मी बसतच नव्हती," ती म्हणाली.

"नाही."

"माहं डोकं ठीक हाये."

"एकदम ठीक आहे, आत्या."

तिनं कमरेची पिशवी काढली, उलटी केली, बिया तिथंच मातीत झटकल्या. मंग माह्याकडे पाहिलं, त्या दिवसात पहिल्यांदा नीट पाहिलं.

"मले वाटे माह्या आईसारखंच झालं आता माहं," ती म्हणाली. "मी जावयाले सांगून ठेवलं होतं, मले दवाखान्यात दाखवा म्हणून. माह्या पोरीले सांगतलं नाही, ती रडन म्हणून. तू मले एक फोन करून विचारलं नाही, आत्या, मशीन कशी चालून राहिली तुह्याकडे. टिपका कसा चालते ते सतरा वेळा सांगतलं."

"राग आला का?"

"आला ना. कायले येणार नाही?" ती म्हणाली. "जाय, बस सुटन तुही."

आणि ती वळून हॉलमध्ये गेली. दिवाळीले मी फोन केला तर तिच्या जावयानं उचलला, म्हणे त्या कामावर आहे. संध्याकाळी केला, तेव्हाही म्हणे कामावर आहे. आता सीझन उतरला, हॉल बंद असते. मी रविवारी काटोलले जाणार आहे, टॅग, लॅपटॉप काहीच न घेता. तिनं दार उघडलं तर आधी तिचंच ऐकायचं आहे.